पाळी बदलताना थांबलेलं मशीन

41 जॉब, म्हणजे सीएनसी लेथवर बनणारे सुटे भाग. सगळे ओव्हरसाइझ, म्हणजे आतलं भोक हद्दीपेक्षा मोठं, सगळे रात्री सव्वाअकरा ते पावणेबाराच्या दरम्यानचे, आणि तीन आठवड्यांतल्या फक्त नऊ रात्रींचे. आता हे एका ओळीत मावतं. तेव्हा ही ओळ जुळवायलाच ते तीन आठवडे गेले.

बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, 30 एच7. म्हणजे 30.000 ते 30.021 मिलिमीटर, पट्टा 21 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बोअर लहान राहिला तर जॉब पुन्हा चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या भागात) धरून कट घेता येतो. मोठा झाला की भंगार. सायकल 2 मिनिटं 40 सेकंदांची, आणि दर दहाव्या जॉबला बोअर गेज लावायचा. त्यामुळे साइझ सरकली तर ती कळेपर्यंत आधीचे चार-पाच जॉब हातचे गेलेले असतात.

थर्ड शिफ्टच्या ऑपरेटरने रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, ‘मशीन साइझ धरत नाही’. म्हणून मशीनपासून सुरुवात केली. बोरिंग बारचा ओव्हरहँग, टरेटचं अलाइनमेंट, चकचा दाब (पातळ भिंतीचा जॉब जास्त आवळला की सोडल्यावर बोअर तीन कोनांचा होतो), रिफ्रॅक्टोमीटरवर कूलंटचं पाण्यातलं प्रमाण 7 टक्के. सगळं ठीक. मग गेजवर संशय घेतला. जॉब मास्टर रिंगपेक्षा (गेज जुळवायच्या अचूक मापाच्या कडीपेक्षा) 10 अंश गरम असेल तर 30 मिलिमीटरचा स्टीलचा बोअर साडेतीन मायक्रॉन मोठा दिसतो, हे बरेच जण विसरतात. सेकंड आणि थर्ड शिफ्टच्या ऑपरेटरांना तेच दहा जॉब मोजायला दिले. आकडे जुळले. मेंटेनन्सचं म्हणणं नेहमीचं, ‘मशीन ओके आहे, ऑपरेटर बघा.’ या वेळी ते निम्मे बरोबर होते, पण हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

सुगावा लागला तो हजेरीच्या तक्त्यात. त्या नऊही रात्री सेकंड शिफ्टला एक ठरावीक ऑपरेटर होता आणि थर्डला दुसरा ठरावीक. जोडीतला एक जरी बदललेला असला, तर त्या रात्री रिजेक्शन शून्य. मग कंट्रोलमधली ऑफसेटची (साइझ जुळवायला हत्याराच्या जागेत केलेल्या फरकाची) हिस्टरी काढली आणि सायकल स्टार्टच्या वेळा शेजारी ठेवल्या. इतर जोड्यांच्या वेळी पाळी बदलताना मशीन दोन-तीन मिनिटं थांबत होतं. या दोघांच्या वेळी अठरा ते बावीस.

एकाच मशीनपाशी दोघांना एका वेळी उभं राहायचं नव्हतं. सेकंडवाला पावणेअकराला मशीन बंद करायचा, चिप्स काढायचा, रजिस्टर भरायचा आणि हात धुवायला निघायचा. थर्डवाला तो गेल्याची खात्री करून यायचा. तेवढ्यात हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) गार व्हायचा. या मशीनची खोड अशी, की थंडावल्यावर पहिला जॉब लहान येतो आणि पुढच्या पंचवीस मिनिटांत बोअर आपोआप सुमारे 12 मायक्रॉनने वाढतो.

मग व्हायचं ते असं. पहिला जॉब 30.001. हा जॉब ड्रॉइंगप्रमाणे चांगला आहे. तरीही थर्डवाला घाईने ऑफसेटमध्ये अधिक 10 मायक्रॉन टाकायचा, अपेक्षा 30.011. मशीन गरम होत जायचं, आणि दहाव्या जॉबला गेजवर 30.023. सहाव्या-सातव्या जॉबपासूनच बोअर हद्दीबाहेर गेलेला असायचा. मग तो 10 उणे करायचा आणि उरलेली रात्र सुरळीत. नंतर मशीन नीट चालतं म्हणून त्याला वाटायचं, दोष कुठेतरी लपलेला आहे. त्याची तक्रार खोटी नव्हतीच.

सेकंडवाला या मशीनवर सात वर्षं आहे. स्वतःच्या शिफ्टमध्ये सुट्टीनंतर मशीन चालू करताना तो पहिले सहा जॉब ऑफसेटला हातच लावत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, त्याच्या हाताला माहीत आहे. थर्डवाला सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या लाइनवरून आलेला.

“दादा, हे त्याला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

थर्डवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “साहेब, विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे तेच निघालं असतं. याला मशीन चालवता येत नाही.”

फळा मी लावला होता. शिफ्टवार रिजेक्शन, ऑपरेटरच्या नावासकट, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझर ते आकडे सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. याच वाचनात सेकंडवाल्याने इन्सर्ट (कापणारं पातं) चुकीचा बदलल्यावरून थर्डवाला काहीतरी बोलून गेला होता. तेव्हापासून अबोला. शिवाय फळ्यावर रीवर्क (पुन्हा कट घेऊन सुधारायचे जॉब) आणि भंगार मी एकाच रकान्यात धरले होते. त्यामुळे 29.999 म्हणजे तीन मिनिटांत सुधारणारा जॉब आणि 30.023 म्हणजे भंगार, दोन्ही त्याच्या नावावर सारखेच लागायचे. पहिल्याच जॉबला खालच्या हद्दीपासून एक मायक्रॉनवर उभा असलेला माणूस थांबेल कशाला? गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांतला आठवा मुद्दा ‘भीती घालवा’ असा आहे. प्रशिक्षणात ती स्लाइड मी स्वतः दाखवली होती, फळा लावला त्याच महिन्यात.

एकाच आठवड्यात तीन बदल केले. फळ्यावरची नावं काढून आकडे मशीनवार केले आणि रीवर्कचा रकाना वेगळा केला. पाळी बदलताना मशीन थांबवायचं नाही, चालू सायकलवरच ताबा द्यायचा, असं ठरवलं. आणि पॅनेलवर कागद चिकटवला: मशीन 15 मिनिटांपेक्षा जास्त थांबलं तर पहिल्या सहा जॉबचा प्रत्येक बोअर मोजायचा, पण बोअर 30.000 च्या खाली गेल्याशिवाय ऑफसेट बदलायचा नाही. तिन्ही एकदम केल्यामुळे नेमकं कशाने काम झालं ते मला सांगता येत नाही. तपासाच्या दृष्टीने हे चूकच. पण रोजचं भंगार बघत एकेक बदल करत बसायला वरून कोणी परवानगी दिली नसती.

भंगार बंद झालं. रजिस्टरमधल्या नोंदी मात्र दुपटीच्या वर गेल्या: ‘इन्सर्ट लवकर झिजला’, ‘जॉ क्रमांक 2 वर चिप अडकली होती’, ‘ऑफसेट चुकून उलट टाकला, लगेच सुधारला’. व्यवस्थापकांनी विचारलं, अचानक एवढे प्रश्न कुठून आले? संशोधक एमी एडमंडसन यांना 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना असंच काही दिसलं होतं: चांगल्या पथकांच्या नोंदीत चुका जास्त होत्या, कारण तिथली माणसं त्या बोलून दाखवत होती. मी हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, नोंदी कमी करा.

ते दोघं अजून बोलत नाहीत. चालू मशीनशेजारी दोन मिनिटं उभे राहतात. सेकंडवाला शेवटचं रीडिंग आणि इन्सर्टवर किती जॉब झाले ते कागदावर लिहून पॅनेलवर ठेवतो, दुसरा तो उचलतो. त्या कागदावर परवा पहिल्यांदा आकड्यांखेरीज काहीतरी होतं: ‘चकचा आवाज बघ.’

गेल्या आठवड्यात शेजारच्या मशीनच्या सायकल स्टार्टच्या वेळा पाहिल्या. पाळी बदलताना तिथे 14 मिनिटांचा खंड आहे, तोही ठरावीक जोडी असतानाच. रिजेक्शन एकही नाही. तिथला बोअर 30 एच9 आहे, पट्टा 52 मायक्रॉनचा.