कालचं, आजचं आणि परवाचं

दुपारी तीन वाजता, म्हणजे कुठल्याही शहाण्या माणसानं झाडांना पाणी घालू नये अशा वेळी, मी तांब्या घेऊन गॅलरीत उभी होते. शेजारची मुलगी, इयत्ता दुसरी, दाराच्या चौकटीला टेकून एका पायावर उभी होती. दुसऱ्या पायाचं काय करायचं हे तिचं ठरत नव्हतं. कुंडीत त्या दिवशी तीस-चाळीस फुलं एकदम आली होती. काही गडद जांभळी, काही धुवून फिकी पडल्यासारखी, काही पांढरीस्वच्छ. तिनं झाडाचं नाव विचारलं. मी म्हटलं, "काल-आज-उद्या."

"असं कुठे नाव असतं?"

"याचं आहे बाई."

ती कुंडीसमोर उकिडवी बसली. एकेका फुलाला नाक लावून झालं. मग म्हणाली, "काकू, यातलं उद्याचं कुठलं?"

मी पांढऱ्यावर बोट ठेवणार होते. सगळे तसंच सांगतात: जांभळं म्हणजे काल, फिकं म्हणजे आज, पांढरं म्हणजे उद्या. पण बोट अर्ध्या वाटेत अडलं. आज सकाळी उमललं ते जांभळं. पांढरं तर परवा उमललेलं, झाडावरचं सगळ्यात म्हातारं फूल. त्याला उद्याचं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"पांढरं," मी म्हटलं, "पण तसं ते सगळ्यात जुनं आहे."

"म्हणजे शिळं?"

"शिळं नाही गं."

"पण मग उद्याचं आत्ताच जुनं कसं?"

तेवढ्यात तिला घरून हाक आली आणि ती पळाली. पळताना दोन्ही पाय बरोबर सापडले. मी मात्र तांब्या हातात धरून तशीच उभी. इतकी वर्षं हे झाड पाळलंय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खरं तर पडला होता. लहानपणी पडला होता आणि मी तो चक्क दोऱ्यानं बांधून ठेवला होता. त्याकडे येतेच.

आधी नावाचा घोळ. फुलाच्या बाजूनं पाहिलं तर नाव बरोबर आहे. जांभळं हे त्याचं बालपण, पांढरं हे त्याला पुढे व्हायचंय ते. झाडासमोर उभं राहून पाहिलं तर तेच नाव उलटं होतं. पांढरं कालच्याही आधीचं, जांभळं आत्ताचं, आणि उद्याचं कळीत. कळी दाखवून मोकळं होता आलं असतं, पण ती पळवाट झाली. नाव रंगांवरून पडलंय आणि कळीला रंग कसला!

हिंदीवाले यातून अलगद सुटतात. त्यांचा 'कल' दोन्हीकडे चालतो. आपण काल आणि उद्या वेगळे ठेवले म्हणून फार शहाणपणा मिरवायचं कारण नाही, कारण एक घर पुढे गेलं की आपलीही तीच गत. परवा. परवा आले होते, परवा येणार आहेत. तेरवाचंही तसंच. कोण कुठल्या दिशेनं चाललंय हे शेवटी क्रियापद सांगतं, आणि झाडाला क्रियापद नसतं. शिवाय 'परवा परवापर्यंत फ्रॉकमध्ये होती' असं आपण जिच्याबद्दल म्हणतो, तिच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं. या पांढऱ्या फुलाला 'परवाचं' म्हणावं हे उत्तम. कोणाचंच चुकत नाही.

तर दोरा. मामाच्या घरामागे, न्हाणीघराचं पाणी जायचं तिथे, हे झाड होतं. कमरेएवढं, गच्च. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. मामी त्याला 'लबाड' म्हणायची. "लबाडाला फुलं आली बघ," असं. सुट्टीत आम्ही पाच-सहा भावंडं तिथे असायचो. माझं तेव्हा ठाम मत होतं की रात्री कोणीतरी येऊन फुलं बदलतं. कोण, ते माहीत नव्हतं, पण माझा संशय मामेभावावर होता, कारण माझा सगळाच संशय त्याच्यावर असे. म्हणून मी मामीच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा लांबवला आणि एका जांभळ्या फुलाच्या देठाला दोन गाठी मारल्या. खंड्या, म्हणजे मामाचा कुत्रा, झाडाच्या बुंध्याशी ओल्या मातीत पोट टेकून हे सगळं एका डोळ्यानं बघत होता. त्याची ती रोजची दुपारची जागा.

दुसऱ्या दिवशी दोरा तोच आणि फूल फिकं. तिसऱ्या दिवशी दोरा तोच आणि फूल पांढरं. त्या फुलाकडे मी तेव्हा जितकं पाहिलं तितकं पुढे कुठल्याच फुलाकडे पाहिलं नसेल. पाच चपट्या पाकळ्या, कडा किंचित चुरगळलेल्या, मागे बारीक नळी. जांभळं असताना नळीच्या तोंडाशी एक पांढरं कडं असतं, टाचणीच्या डोक्याएवढं. फूल फिकं होत जातं तसं ते कडं दिसेनासं होतं. ते कुठे जात नाही, सगळं फूलच त्याच्या रंगाचं होतं. मामेभाऊ निर्दोष सुटला याचं मला वाईटच वाटलं. आणखी दोन-तीन दिवसांनी बघते तर देठ होतं, दोरा होता आणि फूल नव्हतं. दोरा कितीतरी दिवस तिथेच राहिला. पुढे उन्हानं त्याचाही लाल रंग उडाला.

दोऱ्याचा उडाला तो उन्हानं. फुलाचं तसं नाही, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. पाकळ्यांतला जांभळा म्हणजे अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य, आणि ते फूल स्वतःच मोडून टाकतं. ते उडत नाही, विटत नाही. त्यासाठी पेशींना नवी प्रथिनं तयार करावी लागतात, म्हणजे रंग घालवायलाही राबावं लागतं. केसांना कलप लावणाऱ्या आमच्या पिढीला हे जरा लागणारं आहे.

झाडाचं शास्त्रीय नाव ब्रुनफेल्सिया. मूळचं ब्राझीलचं. तिकडे याच्या भावंडांना मनाका म्हणतात आणि मराठी कानाला ते 'मना, का?' असं ऐकू येतं. त्याला उत्तर नाही. ब्रुनफेल्सिया हे नाव ज्याच्यावरून पडलं, तो ओटो ब्रुनफेल्स हा जर्मन माणूस 1534 मध्ये वारला. आधी मठातला साधू, मग मठ सोडून स्ट्रासबर्गात शाळामास्तर, शेवटी बर्नमध्ये वैद्य. त्यानं ही फुलं कधी पाहिली नाहीत. त्याचं नाव वेस्ट इंडीजच्या झाडाला दिलं ते 1703 मध्ये, शार्ल प्लुमिए या फ्रेंच साधूनं. आपल्या खुरचाफ्याला प्लुमेरिया म्हणतात ते याच प्लुमिएवरून. पुढे 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं ते नाव पक्कं केलं. साधूनं साधूची आठवण ठेवली, आणि तीही विषारी झाड देऊन.

ब्रुनफेल्सचं वनस्पतींचं पुस्तक 1530 पासून छापलं जाऊ लागलं. त्यातला मजकूर बराचसा जुन्याच ग्रंथांतला, नवी होती ती चित्रं. हान्स वायडिट्झ नावाच्या चित्रकारानं जुन्या पोथ्यांतली चित्रं गिरवायचं सोडून झाडं समोर ठेवून काढली. समोरच्या झाडाचं पान किडीनं खाल्लेलं असलं तर चित्रातही खाल्लेलं, मान टाकलेली असली तर टाकलेली. शास्त्राला असलं चित्र अडचणीचंच, कारण शास्त्राला जातीचं झाड हवं आणि यानं काढलं एका दिवसाचं, एकाच झाडाचं. मला मात्र तो माणूस भारी आवडतो. माझी ही कुंडी त्याच्यापुढे ठेवायला हवी होती. तीन दिवस एकदम अंगावर घेऊन बसलेलं झाड त्यानं कसं काढलं असतं? लाकडाच्या ठशात जांभळा काय आणि पांढरा काय, रेघ एकच. कदाचित त्याला प्रश्नच पडला नसता.

काल-आज-उद्याच्या घराण्यात सरळ कोणीच नाही. बटाटा, वांगं, टोमॅटो, मिरची हे पोटापाण्याला लागलेले. तंबाखू वाया गेलेला. धोतरा तर उघडच बदनाम. त्याच्या मोठ्या भावाला, ब्रुगमान्सियाला, हातभर लांबीची फुलं लोंबतात. धोतऱ्याचं फूल तोंड वर करून असतं, याचं खाली घालून. मूळच्या रानात ब्रुगमान्सियाची एकही जात आता उरलेली नाही, जी आहेत ती माणसांनी लावली म्हणून आहेत. त्यातल्या एका जातीचं फूल पांढरं उमलतं आणि वय होईल तसं जर्दाळूच्या रंगावर जातं. म्हणजे आमच्या लबाडाच्या बरोबर उलटं. भाऊबंदकी म्हणायची ती ही. आणि रातराणी. दिवसा तिच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही, हिरवट काड्यांचा झुबका नुसता. रात्री मात्र तिचा वास खिडकीतून आत येतो आणि 'जा' म्हटलं तरी जात नाही. लोक तिच्यावर कविता करतात, माझं डोकं उठतं. तिच्यात आणि माझ्यात निदान दोन भिंती असाव्यात. यावर मी कोणाचंही ऐकून घेणार नाही.

विषारी म्हटलं खरं. या कुळाचा तो धर्मच आहे, म्हणून हे झाड घेताना मी मुद्दाम वाचून काढलं. काल-आज-उद्या माणसानंही तोंडात घालू नये, पण ते सगळ्यात जास्त बाधतं कुत्र्यांना. फळांत आणि बियांत विष जास्त, पानं-फांद्याही सुटत नाहीत. आधी ओकाऱ्या, मग थरथर, मग अंग ताठ होतं आणि झटके येतात. त्या विषाच्या एका घटकाला नावसुद्धा ब्रुनफेल्सवरूनच दिलंय.

ते वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

दोऱ्याच्या सुट्टीनंतरची ती दुसरी सुट्टी. खंड्या सकाळपासून ओकत होता. दुपारी त्याचे पाय लाकडासारखे ताठ झाले आणि तो जागच्या जागी थडथडायला लागला. आम्हा मुलांना माजघरात कोंडून घातलं. मामीनं कडी लावली तो आवाज मला आजही ऐकू येतो. मामा म्हणाला, जनावर लागलं असणार. संध्याकाळी खंड्या गेला. मग मामा दोन दिवस काठी घेऊन परसात जनावर शोधत होता. सरपणाची रास हलवली, दगड उपसले, न्हाणीघरामागची बिळं बुजवली. बिळं बुजवताना झाडाच्या फांद्या आड यायच्या, त्या तो एका हातानं बाजूला धरायचा. बहर ऐन भरात होता. जनावर काही सापडलं नाही.

जनावरच असेलही. झाडाला फळं होती का, खंड्यानं तिथे काय चघळलं, हे कोणी पाहिलेलं नाही. आम्ही मुलं काठ्या फेकायचो, तो आणायचा, आणि काठ्या कुठून मोडायचो हे मला नीटसं आठवत नाही. आठवत नाही असं मी म्हणते. मामा जाऊनही बरीच वर्षं झाली. मामी आहे. फोनवर अजून सांगते, लबाड यंदा फार फुललाय. दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं. मग मी विचारलं, पाणी कोण घालतं?

तर ही कुंडी. शेजारी गेल्या महिन्यात कुत्र्याचं पिल्लू आलंय, हे मला माहीत होतं. जिन्यात दोनदा माझी चप्पल त्यानं पळवली आहे. तरी महिनाभर कुंडी जमिनीवरच होती. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. संध्याकाळी मुलगी परत आली ती पिल्लाला काखेत मारून, त्याचे मागचे पाय लोंबत होते. मी तिला दारातच थांबवलं. पदर खोचला आणि कुंडी उचलून भिंतीतल्या उंच फळीवर चढवली. कंबरेनं दोनदा हाक मारली. माती सांडली, तांब्या कलंडला.

"एवढ्या वर का?"

"हा खाईल म्हणून."

"फुलं?"

"फुलं, पानं, सगळंच."

तिनं पिल्लाकडे पाहिलं. ते सुटायची धडपड करत होतं आणि शेवटी सुटलंच. हिसक्यानं दोन पांढरी फुलं गळून फरशीवर पडली होती, ते थेट तिकडेच नाक घेऊन निघालं. गुडघे दुखतात, वाकवत नाही, हे सगळं विसरून मी आधी ती फुलं उचलली आणि मुठीत धरली. पिल्लू माझी मूठ हुंगत राहिलं.

"काकू, ही कुठली? उद्याची ना?"

मी आत जाऊन हात धुतले, साबण लावून, दोनदा.