बब्बाच्या पाड्याचे आडनाव

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, स्टीफन बॅबिंग्टन यांचा संगमरवरी पुतळा आहे. कंपनी सरकारच्या मुलकी सेवेतील हे अधिकारी १८२२ मध्ये साष्टी बेटावरील एका गावाला लागलेली आग विझवताना मृत्यू पावले. माझे ठाणे याच बेटावरचे, म्हणून त्या नावापाशी मी थबकलो आणि हे आडनाव आले कुठून, याचा शोध घेऊ लागलो.

हे आडनाव इंग्लंडमध्येही क्वचितच आढळते. त्याची फोड मात्र ठाणेकराला घरची वाटावी अशी आहे. 'बब्बा' हे जुन्या इंग्रजीतील पुरुषाचे नाव, 'इंग' हा संबंध दाखवणारा प्रत्यय आणि 'टन' म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी. एकूण अर्थ बब्बाचा पाडा. घोडबंदर रस्त्यावरून मानपाडा, पातलीपाडा ओलांडताना मला आता हटकून त्या बब्बाची आठवण होते. आपण गावाच्या नावाला 'कर' जोडतो. तिकडे नावाआधी 'चा' या अर्थाचा 'द' लावत, म्हणजे जॉन द बॅबिंग्टन. पुढे तो 'द' गळला आणि उरले नुसते गाव.

या नावाचे एक गाव सॉमरसेटमध्ये असून १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या दप्तरात, त्याचा उल्लेख आहे. प्रसिद्ध घराणे मात्र उत्तरेकडील नॉर्थम्बरलँडचे. तेथील गावाचे नाव बोलण्याच्या ओघात 'बॅव्हिंग्टन' झाले, तर आडनावाने जुना 'ब' जपला. गाव सोडून गेलेल्यांनी गावाचा मूळ उच्चार सांभाळावा, हे मला फार हृद्य वाटते.

घराण्याची एक शाखा डर्बीशरमधील डेथिक येथे स्थिरावली. तिथल्या अँथनी बॅबिंग्टनला राणी एलिझाबेथच्या हत्येच्या कटाबद्दल १५८६ मध्ये देहदंड झाला. आपल्या परिचयाचे थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांच्या नावात हा शब्द आला तो आत्याच्या यजमानांकडून. मेकॉले यांचा जन्मही १८०० मध्ये या यजमानांच्याच रॉथली टेंपल या घरी झाला.

पुढे हे नाव खनिजालाही मिळाले. वैद्य आणि खनिजतज्ज्ञ विल्यम बॅबिंग्टन यांच्या गौरवार्थ १८२४ मध्ये नॉर्वेतील एका खनिजास 'बॅबिंग्टनाइट' म्हटले गेले. तेच खनिज साष्टीच्या काळ्या पाषाणातही, कांदिवलीच्या खाणीत सापडले आहे. त्याचा एक नमुना मी हातात घेऊन पाहिला: प्रेनाइट या फिकट हिरव्या खनिजावर काळेभोर, चकचकीत, तिरप्या कडांचे इवलेसे स्फटिक.