माहुलीचा घसारा

लेकीची एक मैत्रीण नाताळच्या सुट्टीत औलीला जाऊन स्की करून आली आणि आमच्या घरात बर्फाचं खूळ शिरलं. औली उत्तराखंडात, तिथवरचा खर्च आणि रजा दोन्ही आमच्या आवाक्याबाहेर. पण ठाण्याहून कसारा लोकल पकडली की तासा-सव्वातासात आसनगाव येतं आणि तिथे माहुलीचा किल्ला उभा आहे. जानेवारीतला शनिवार-रविवार ठरला. फक्त आम्ही दोघी. बाबाला घरी ठेवायची अट तिची. का, ते विचारायचं नाही, हीसुद्धा तिचीच.

माहुलीला लोक जातात ते पावसाळ्यात. पायथ्याचा धबधबा, त्याखाली तोबा गर्दी, आणि डोंगर ढगात. माझ्या मते माहुली बघावी हिवाळ्यातच. तेव्हा डोंगर नीट दिसतो तरी.

शनिवारी दुपारच्या गाडीत टिटवाळ्यापर्यंत उभ्या होतो. वासिंद सुटलं आणि डावीकडच्या खिडकीतून सुळके दिसायला लागले. आसनगावहून रिक्षाने माहुली गावात. ओळखीतून एका मावशींकडे राहायची सोय झाली होती. चुलीवरची तांदळाची भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी, वर कांदा. घरी वालाच्या नावाने नाक मुरडणारी लेक दोन भाकऱ्या संपवून शेकोटीपाशी बसली. थंडी अशी की ठाण्यातून नेलेली शाल नुसती नावाला. मावशींनी गोधडी दिली तेव्हा कुठे झोप लागली.

पहाटे अंधारातच निघालो. सोबत गावातले एक दादा वाटाडे म्हणून होते. गडावरचं रान दाट आहे, वाटा फुटतात, माहितगार हवाच. हा सगळा भाग तानसा अभयारण्याचा, त्यामुळे पायथ्याशी वनखात्याकडे नोंद करून पैसे भरावे लागतात. पहिला टप्पा सागाच्या रानातून. जानेवारीत सागाची पानं खाली पडलेली असतात, पापडासारखी कडक. त्यांवरून तिघं चालायला लागलो की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मधूनच एखादी काटेसावर, पानं गेलेली, लाल फुलं नुकती लागलेली. मग डोंगराची खाली उतरलेली सोंड सुरू होते आणि चढ थेट अंगावर येतो. लेक पुढे, दादा तिच्यामागे, मी सगळ्यात शेवटी. दर दहा मिनिटांनी ‘जरा फोटो काढते’ म्हणत मी थांबत होते. फोटो तीनच निघाले.

माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे. पायऱ्या गार पडलेल्या, दवाने ओल्या. दादांनी लेकीला एकच सांगितलं, “खाली नको बघू, हाताकडं बघ.” ती सरसर चढून गेली. मला हेच दोनदा सांगावं लागलं.

वर आलं की कळतं, हा एक गड नाही. पळसगड, माहुली आणि भांडारगड असे तीन मिळून हा पसारा, उंची सुमारे २,८०० फूट. महादरवाजाजवळ पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. तिथे बसून शिरा खाता खाता मी इतिहास काढला. निजामशाही वाचवायची शेवटची धडपड शहाजीराजांनी याच गडावरून केली. मुघल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातला आणि १६३६ मध्ये गड सोडावा लागला. निजामशाही तिथे संपली. वेढ्याच्या वेळी जिजाबाई आणि सहा वर्षांचे शिवराय गडावर होते, असं सांगितलं जातं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे तेवीस किल्ले मुघलांना दिले, त्यांत माहुली होती. १६७० मध्ये ती परत घेतली. लेक मात्र सहा वर्षांवरच अडकली. “महाराज चालत चढले की पालखीतून?” मला काय माहीत! दादा म्हणाले, “तेव्हा शिडी नव्हती, ताई.” त्यावर ती बराच वेळ गप्प होती.

भांडारगडाच्या टोकापर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, पण जाच. समोर वजीर सुळका सरळसोट उभा, कड्याला न टेकता. शेजारी नवरा, नवरी, करवली आणि भटोबा. लग्नात वजिराचं काय काम, हा प्रश्न आम्ही अजून सोडवलेला नाही. दुसऱ्या बाजूला तानसा तलाव चमकत होता. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा. आमच्या बाळकुमकडून जाणाऱ्या त्या अजस्र पाइपांतून हेच पाणी जातं म्हटल्यावर तिला पटेना. “मग आपल्याला का नाही देत?” ठाण्याच्या योजनेचं पाणी भातसा नदीतून येतं, हे सांगून मी सुटका करून घेतली.

आणि मग उतरणं. हिवाळ्यात माहुली चढायला दम लागतो, पण खरी परीक्षा उतरताना. पावसाने वाहून आणलेली बारीक खडी वाळून सुटी झालेली असते, त्यावर पिवळं गवत आडवं पडलेलं. हाच तो घसारा. पाय टाकला की तीन बोटं पुढे सरकतो. लेकीने पहिल्यांदा भीतीने पाय जपून, चवडा आधी टाकून पाहिला आणि सपकन आपटली. मग सरळ बसूनच घसरायला लागली. दादा वरून ओरडले, “बसू नको पोरी! तिरकी हो. टाच रोव.” त्यांनी करून दाखवलं: अंग उताराला आडवं, गुडघे किंचित वाकलेले, भार डोंगराकडे न टाकता खालच्या पायावर. डोंगराकडे झुकलात की खालचा पाय निसटलाच. तिने तीन-चार वळणं तशी उतरून पाहिली आणि एकदम थांबून म्हणाली, “आई, ही स्कीचीच ट्रिक आहे. मैत्रिणीला पण पट्ट्या आडव्या धरायला शिकवलं होतं, नाहीतर थांबताच येत नाही!”

मग काय, बाईसाहेब मुद्दाम घसाऱ्यावरूनच जायला लागल्या. एका पायावर दोन हात घसरायचं, आडवं होऊन थांबायचं, वळायचं. शेजारची धड वाट दादा दाखवत होते ती माझ्यासाठी. ट्रॅकपँटचा रंग कळेनासा झाला, दोन्ही तळहात खरचटले, मोज्यांत अर्धा डोंगर. शिडीवर न घाबरलेली मी घसाऱ्यावर मात्र दादांचा हात सोडला नाही, असं तिने घरी बाबाला सांगितलंय. शिडीबद्दलचं तिचं मत चुकीचं आहे, पण मी दुरुस्त केलेलं नाही.

कोणी जाणार असाल तर बुटांचे तळ आधी तपासा. झिजलेले असतील तर बेत पुढे ढकला. माणशी तीन लिटर पाणी न्या, आणि पहाटेच निघा, कारण अकरानंतर सोंडेवर सावलीचं नाव नसतं. आसनगावला परतायची रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रविवारी दुपारी गावात ती मिळत नाही. आम्हाला शेवटी दुधाच्या टेम्पोने स्टेशनला सोडलं, आणि त्याने पैसे घ्यायला साफ नकार दिला.