गुरांच्या खिंडीतून अ‍ॅपलक्रॉसला

आई महाडची. वरंध घाट, आंबेनळी घाट हे तिचे लहानपणापासूनचे रस्ते, एसटीत उलटी न करता भोरला पोचणारी घरातली ती एकटीच, त्यामुळे 'स्कॉटलंडमधला एक घाट बघायला जायचंय' म्हटल्यावर तिने फक्त "बरं" म्हटलं आणि पिशवीत आवळासुपारी टाकली. पण टॉर्नाप्रेसला जिथे फाटा फुटतो तिथे एक भलामोठा बोर्ड आहे, तो तिने मला मोठ्याने वाचायला लावला. रस्ता २०५३ फुटांपर्यंत चढतो, पाचास एक चढ, हेअरपिन वळणं, शिकाऊ ड्रायव्हरांनी जाऊ नये, मोठ्या गाड्या आणि कॅरव्हॅन नेऊ नयेत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, तुमचं लायसन पक्कं आहे ना?"

या घाटाचं नाव बेलाख ना बा. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत अर्थ गुरांची खिंड. पूर्वी अ‍ॅपलक्रॉस या किनाऱ्यावरच्या गावचे लोक याच वाटेने गुरं हाकत पलीकडच्या बाजाराला न्यायचे. आकडा ऐकून आपल्याला काही वाटत नाही, ६२६ मीटर म्हणजे महाबळेश्वरच्या निम्माही नाही, पण इथे चढ अगदी समुद्राच्या पाण्यापासून सुरू होतो आणि आंबेनळीला असते तशी झाडी नाही, नुसता उघडा काळा खडक, त्यावरून ओघळणारं पाणी आणि एकच गाडी मावेल एवढा डांबराचा पट्टा. समोरून कोणी आलं तर थांबायला मध्येमध्ये पोटासारखे फुगवटे काढलेत, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. ज्याला जवळ पडेल त्याने थांबायचं, दुसऱ्याने जाताना हात वर करायचा. बस, एवढाच कायदा.

आता आमची फजिती. वरच्या वळणांच्या जरा खाली समोरून भलीमोठी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, आली (कॅरव्हॅन नको असा बोर्ड होता ना? असो), ती काही मागे जाईना, मग आम्हीच रिव्हर्स घेतला आणि डावं मागचं चाक डांबर सोडून बाजूच्या मऊ पीटमध्ये, म्हणजे दलदलीच्या मातीत, भसकन रुतलं. मोटरहोमवाला जागा मिळाल्यावर निघून गेला, हात वगैरे काही नाही. पाच मिनिटांत मागून एक जुना पिकअप आला, त्यातले आजोबा उतरले, काही न विचारता दोरी काढली, लावली, ओढलं. मग नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "या रस्त्यावर पुढे जाता आलं नाही तरी चालतं, मागे जाता आलं पाहिजे." आईला भाषांतर करून सांगितल्यावर ती म्हणाली, "आपल्या एसटीच्या ड्रायव्हरसारखंच बोलतोय."

खिंडीच्या माथ्यावर गाडी लावली तेव्हा ढग बाजूला झाले होते. समोर रासे बेट, त्याच्या मागे स्काय बेटावरचे कुलिन डोंगर, करवतीच्या दातांसारखे. वारा असा की आईचा पदर तिच्याच तोंडात. दोन फोटो काढले आणि पळालो.

खाली उतरल्यावर गाव. म्हणजे पांढऱ्या घरांची एकच रांग, पुढे रस्ता, त्यापुढे समुद्र. एक इन, म्हणजे खाणावळ, आणि एक पोस्ट कम दुकान. नकाशावर याचं नाव शोअर स्ट्रीट, गावातले लोक नुसतं 'स्ट्रीट' म्हणतात, दुसरा स्ट्रीटच नाही म्हटल्यावर कशाला फोड करायची. "बाकीचं गाव कुठाय?" आईने विचारलं. मग तिला सांगितलं की कामुस्टील, कामुस्टेराख, कल्डूई, टॉस्केग असे किनाऱ्याने चार-चार घरांचे पुंजके आहेत आणि सगळं मिळून अ‍ॅपलक्रॉस. "म्हणजे वाड्या," ती म्हणाली. एका शब्दात विषय संपला, मी उगाच पाच मिनिटं समजावत होते. सगळ्या वाड्या धरून वस्ती दोनअडीचशेच्या आसपास.

नावात सफरचंद नाही आणि क्रूसही नाही बरं का. क्रॉसान नदीचं मुख अशा अर्थाच्या जुन्या नावाचं इंग्रजांच्या तोंडी झालेलं हे रूप. इ.स. ६७३ मध्ये आयर्लंडहून मेलरुबा नावाचा साधू इथे आला आणि त्याने मठ बांधला. मठाभोवतीची काही मैल जमीन अभयक्षेत्र होती, म्हणजे एकदा त्या हद्दीत पोचलं की कोणी हात लावायचा नाही. गेलिकमध्ये या भागाचं नाव आजही तेच आहे, अभयस्थान. मठ गेला, त्या जागी १८१७ चं साधंसुधं चर्च आहे आणि दारापाशी एक उंच जुना दगड, त्यावर क्रूस कोरायचा म्हणून आखलेला पण तसाच राहिलेला वाटतो. शेजारच्या हेरिटेज सेंटरमध्ये मात्र मठाच्या काळच्या दगडांचे तुकडे आहेत, त्यावरची गुंफलेली नक्षी आई बोटाने हवेतल्या हवेत गिरवत होती. "रांगोळी आहे ही, ठिपक्यांची," तिने निकाल दिला.

जूनचे दिवस. सूर्य मावळतो सव्वादहाच्या पुढे आणि नंतरही तासभर उजेड. आईचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हाच झाला की दिवेलागण कधी धरायची. पहिल्या दिवशी ती नऊ वाजेपर्यंत बाहेर बघत बसली, साडेनऊला म्हणाली अजून ऊनच आहे की, शेवटी कंटाळून घड्याळात सात वाजले की निरांजन लावायचं ठरवलं, बाहेर लख्ख ऊन आणि आत शुभंकरोति. आणि वारा पडला की मिजेस. म्हणजे चिलटं हो, पण आपली चिलटं डोळ्यांपुढे नुसती घोंगावतात, ही चावतात, आणि शंभराने येतात. घरमालकीणबाईंनी आधीच बजावलं होतं की झाडाची पानं हलायची थांबली की आत या. आम्ही ऐकलं नाही. त्याचं काय झालं ते लिहीत नाही, मुलाच्या कपाळाचा फोटो मात्र आहे.

जेवण इनमध्ये. इथल्या उपसागरात पिंजरे टाकून प्रॉन्स पकडतात. हे प्रॉन्स म्हणजे आपली कोलंबी नव्हे, शेवंडीची धाकटी बहीण म्हणा, लांब नांग्या, नारिंगी कवच. यातला बराच माल थेट स्पेनला जातो म्हणे, पण जे राहतं ते लसूण आणि लोण्यात परतून मोठ्या ताटात येतं. आईने नांगी कशी फोडायची ते टेबलावरच्या सगळ्यांना दाखवलं, शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्यालासुद्धा. चवीबद्दल मत: "ताजं आहे, पण दोन तिरफळं पडली असती तर..."

तीन दिवस राहिल्यावर रस्ता हाच इथला खरा मामला आहे हे कळायला लागतं. पेट्रोल पंप गावानेच चालवलाय, तिथे माणूस नसतो, कार्ड घालायचं आणि आपलं आपण भरायचं. पंप बंद पडला तर पेट्रोलसाठी घाट उतरून जायचं, म्हणजे जाण्यातच पेट्रोल संपणार. प्राथमिक शाळा गावात, पण हायस्कूल प्लॉक्टनला. प्लॉक्टन सरळ रेषेत बघितलं तर पाण्यापलीकडे, इतकंसं, पण रस्त्याने एवढा वळसा की पोरं आठवडाभर तिथल्या हॉस्टेलला राहतात. माझा बारा वर्षांचा मुलगा हे ऐकून आधी म्हणाला मस्त, आणि मग रात्री माझ्या बाजूला येऊन झोपला.

हिवाळ्यात बर्फ पडला की घाट बंद. मग किनाऱ्याने शील्डेगला जाणारा रस्ता उरतो, आणि तो झाला १९७० च्या दशकात. त्याआधी घाट किंवा बोट. आम्ही परत याच किनाऱ्याच्या रस्त्याने आलो (आईचा आदेश), तर वाटेत जागोजागी घरांची जोती. छप्पर नाही, दारं नाहीत, चुलीच्या जागी नेचे उगवलेले. जमीनदारांनी काढून लावलेली काही कुटुंबं, पोट भरायला ग्लासगोला आणि कॅनडाला गेलेली काही. रस्त्याची वाट बघून बघून वाड्या रिकाम्या झाल्या आणि मग रस्ता आला. समोरच्या रासे बेटावरच्या कॅलम मॅक्लाऊडने तर कौन्सिल रस्ता देत नाही म्हणून स्वतःच कुदळ, फावडं आणि हातगाडी घेऊन पावणेदोन मैलांचा रस्ता खणला, साधारण दहा वर्षं लागली, १९७४ च्या सुमारास पुरा झाला, तोवर त्याच्या वाडीत तो आणि त्याची बायको एवढीच माणसं उरली होती. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या वरच्या आळीत आता तीनच घरं उघडी असतात."

शील्डेगपर्यंत आईने प्रत्येक समोरच्या गाडीला हात केला. नवऱ्याआधी तीच करायची, आणि पलीकडूनही झाडून सगळे करत होते, ट्रॅक्टरवाला, पोस्टाची व्हॅन, सायकलवालीसुद्धा. एक मोटरहोम तेवढी तशीच निघून गेली. आईने काच खाली घेऊन मागे वळून बघितलं आणि तिला जे काही सुनावलं ते अस्सल महाडचं होतं, इथे छापण्यासारखं नाही.