हा जांगला निघालात? आधी विचारा, गाईडला ह्मोंग बोलता येतं का

हा जांग म्हणजे उत्तर व्हिएतनाममधला डोंगराळ भाग, आणि ह्मोंग ही तिथली मोठी डोंगरी जमात. 'स्थानिक गाईडसह डोंगरी जमातींची भेट' असं हनोईतल्या एजंटाने छापील पत्रकात दिलं होतं, त्याचे पैसेही वेगळे लावले होते. आला तो हनोईतच वाढलेला किन्ह मुलगा. स्वभावाने गोड, बाइक झकास चालवायचा, पण मेओ वाकच्या रविवारच्या बाजारात आमच्याइतकाच मुका. निळीत रंगवलेल्या कापडाचा भाव ठरला तो कॅल्क्युलेटरवर. आमच्या फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅपही व्हिएतनामीच बोलत होतं. म्हाताऱ्या ह्मोंग बायकांपुढे ते कुचकामी ठरलं.

सरकारदरबारी व्हिएतनाममध्ये ५४ वांशिक गट आहेत. किन्ह म्हणजे आपण ज्यांना सरसकट व्हिएतनामी म्हणतो ते. देशात साधारण ८५ टक्के. चीनच्या सीमेलगतच्या या पठारावर मात्र ह्मोंगांची संख्या मोठी. खाली भाताच्या खाचरांलगत ताय लोकांची खांबांवरची घरं, वर चुनखडीच्या कातळात ह्मोंगांची मातीच्या भिंतींची. भाषा तर एकमेकींच्या सोयऱ्याही नव्हेत. ताय ही थाईच्या कुळातली, इथल्याच लोलो जमातीची तिबेटो-बर्मी, ह्मोंगचं कूळ निराळंच. आपल्या मेळघाटातली कोरकू ही व्हिएतनामीची लांबची नातलग लागते, शेजारची ह्मोंग लागत नाही! त्यामुळे 'गाईड देशातलाच आहे, चालेल' असं कुणी सांगितलं तर मुळीच मानू नका.

याचा खरा फटका बसला मेओ वाकहून दू जा गावाकडे जाताना. रात्री पाऊस झालेला, एका वळणापुढे दरड उतरलेली, उरलेल्या रस्त्यावर घोटाभर लाल चिखल. पाठीवर गवताचा भारा घेतलेली एक आजी हात उंचावून आम्हाला काहीतरी बजावत होती. गाईड हसून मान डोलावत राहिला आणि आम्ही पुढे घुसलो. अर्धा तास बाइक ढकलल्यावर कळलं, पुढे रस्ताच नाही. परत त्याच चिखलातून मागे. शेवटी शाळेच्या गणवेशातल्या एका पोरीने आजीचं बोलणं व्हिएतनामीत सांगितलं: खालच्या वाडीतून वाट आहे, वरून जाऊ नका. पोरं शाळेत व्हिएतनामी शिकतात, तेव्हा अडलात तर दप्तरवाली पोरं शोधा. दू जाला पोचलो तेव्हा ब्रेक दाबायचंही बोटांत त्राण नव्हतं. पावसाळ्यात हा फाटा सरळ गाळा.

मा पी लेंग घाट? चांगलाच आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तो ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता १९५९ ते १९६५ या काळात तरुणांनी खोदला, इथे तर कड्याला दोरांवर लटकून, एवढं लक्षात ठेवून सावकाश जा. देशाच्या उत्तर टोकाजवळच्या लुंग कूच्या झेंड्याचं क्षेत्रफळ त्या ५४ गटांसाठी मुद्दाम ५४ चौरस मीटर ठेवलंय. त्याच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढा, पण भाड्याचे चकचकीत 'पारंपरिक' पोशाख घालून फोटो काढायच्या फंदात पडू नका.

आपल्याकडचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ता वाहतुकीच्या १९४९ च्या करारानुसारचा असतो, व्हिएतनामला १९६८ चा लागतो. म्हणजे दुकानदाराने बाइक दिली तरी पोलिसांपुढे तुम्ही विनापरवानाच, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करेल. म्हणून मागे बसूनच जा, पण चालक हा जांग शहरात पोचल्यावर ठरवा, हनोईत नाही. ह्मोंग किंवा ताय मुलगा मागा आणि आगाऊ पैसे देण्याआधी त्याला समोर बोलवा. जवळपास एखादी ह्मोंग विक्रेती असेलच, तिच्याशी दोन वाक्यं बोलायला लावा. थोडे जास्त पैसे मागितले तरी द्या.

शाकाहारी असाल तर मक्याचा भरडा वाफवून केलेलं मेन मेन आणि टोफू यांवर भागतं. बाजारातल्या मोठ्या कढईत थांग को असतं, म्हणजे बहुधा घोड्याचं मांस. आणि रविवार चुकला तर लुंग फिनचा बाजार पाहा. तो दर सहा दिवसांनी भरतो, त्यामुळे वार दर खेपेला एकाने मागे सरकतो. तारीख मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी विचारा आणि सकाळी लवकर पोचा, दुपारी तिथे नुसती पालं सोडलेली दिसतात.