आमची वाटचाल : आधी वजन, मग ट्रेलर

न्यू जर्सीच्या मध्यभागी आमचे एक लहानसे यार्ड आहे. तेथून आम्ही मोटारी वाहून नेण्याचे उघडे ट्रेलर भाड्याने देतो, आणि मिलव्हिल, पोकोनो, वॉटकिन्स ग्लेन येथील मोटार शर्यतींच्या ट्रॅकवर हौशी चालकांच्या गाड्या स्वतःही पोहोचवतो. 2014 मध्ये अठरा फुटी पोलादी ट्रेलर आणि एक जीप ग्रँड चेरोकी एवढ्या भांडवलावर मी आणि माझ्या पत्नीने हा व्यवसाय सुरू केला. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांजवळ मोठा पिकअप ट्रक नसतो. मुलांना शाळेत सोडायची मध्यम आकाराची एसयूव्हीच असते. तिच्यामागे गाडी चढवलेला ट्रेलर सुखरूप नेता येईल का, या एका प्रश्नाभोवती आमचे सगळे काम उभे राहिले आहे.

टोयोटा हायलँडर, फोक्सवॅगन ॲटलस, ऑल-व्हील ड्राइव्ह होंडा पायलट यांसारख्या गाड्यांची ओढण्याची क्षमता 5,000 पौंड, म्हणजे सुमारे 2,270 किलो सांगितली जाते. ग्राहक हा एकच आकडा पाठ करून येतो. आमचा पोलादी ट्रेलर रिकामाच जवळजवळ 2,000 पौंडांचा होता. त्यावर 2,400 पौंडांची माझदा मियाटा चढवली, टायरचा जादा संच आणि हत्यारांची पेटी ठेवली, तर हिशेब कसाबसा जुळतो. पण 3,700 पौंडांची फोर्ड मस्टँग चढवली तर बेरीज 5,000 च्या कितीतरी पुढे जाते. म्हणून पहिल्या काही हंगामांतली सगळी शिल्लक आम्ही ॲल्युमिनियमच्या ट्रेलरमध्ये घातली. त्यांची किंमत पोलादीपेक्षा बरीच जास्त होती, परंतु रिकामे वजन साधारण 1,500 पौंडांवर आले. वाचलेल्या त्या 500 पौंडांमुळेच मध्यम एसयूव्ही असलेला ग्राहक आमच्याकडे निश्चिंतपणे येऊ लागला. व्यवसायात घेतलेल्या निर्णयांपैकी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा.

ओढण्याच्या क्षमतेइतकाच महत्त्वाचा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. गाडीतली माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्या पट्टीवर छापलेले असते. ट्रेलरचा जो भार हिचच्या बॉलवर, म्हणजे एसयूव्हीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर येतो, तोही याच हिशेबात धरावा लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. समजा, पट्टीवर 1,350 पौंड लिहिले आहेत, आणि चार माणसे 650 पौंडांची आहेत. बॉलवर 480 पौंड आले, तर डिकीतल्या सामानासाठी केवळ 220 पौंड उरतात. आम्ही हा हिशेब ग्राहकासमोर कागदावर मांडतो आणि त्या कागदावर त्याची सही घेतल्याशिवाय ट्रेलर जोडत नाही.

बॉलवरचा हा भार, ज्याला येथे सगळे टंग वेट म्हणतात, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. माझे बालपण सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात गेले. दोन चाकी ट्रॉली मागच्या अंगाला जास्त भरली की हुकाकडचा भार उचलला जातो, हे तिथला प्रत्येक ट्रॅक्टरचालक जाणतो. महामार्गावरच्या वेगात हाच दोष ट्रेलरला शेपटासारखा डावी-उजवीकडे हलवू लागतो आणि शेवटी पुढची गाडीही फिरवून टाकतो. मध्यम एसयूव्हीची अडचण अशी, की 4,500 पौंडांच्या ट्रेलरला किमान 450 पौंड टंग वेट हवे, आणि अशा बहुतेक गाड्यांची त्याबाबतची कमाल मर्यादा 500 च्या आसपास असते. म्हणजे हाताशी राहतात ते पन्नास पौंड.

ते पन्नास पौंड साधायचे तर गाडी ट्रेलरवर नेमक्या जागी उभी करावी लागते. मियाटा चार इंच पुढे सरकवली की टंग वेट पन्नास-साठ पौंडांनी वाढते. आम्ही कपलरखाली, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली, छोटा हायड्रॉलिक वजनकाटा लावून गाडी हळूहळू पुढे-मागे घेतो, आकडा जमला की पुढच्या चाकासमोर ट्रेलरच्या पाटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो, आणि त्या ग्राहकाच्या नावाने ते माप नोंदवून ठेवतो. पोर्श 911 चे इंजिन मागे असल्याने ती नाक पुढे करून चढवली तर वजन मागे जाते; ती बहुतेक वेळा उलटी, मागे-मागे घेऊनच चढवावी लागते. नंतर चारही चाकांना दोन इंची रॅचेट पट्टे, म्हणजे दांड्याने आवळायचे पट्टे, लावतो. अशा एका पट्ट्याचा सुरक्षित भार 3,333 पौंड असतो. पण पट्टा कडेला उसवला असेल तर तो थेट कचऱ्यात जातो.

ब्रेकच्या बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देत नाही. आमच्या सर्व ट्रेलरना दोन्ही अक्षांवर विजेचे ब्रेक आहेत, आणि ते चालवण्यासाठी एसयूव्हीत ब्रेक कंट्रोलर, म्हणजे चालकाजवळ बसवलेले ट्रेलरचे ब्रेक चालवणारे उपकरण, आणि सात पिनांची विजेची जोडणी लागते. पुष्कळ गाड्यांना कारखान्यातून चारच पिना येतात, ज्यांनी फक्त दिवे लागतात. अशा ग्राहकाला आम्ही आधी जोडणी करून घ्यायला सांगतो. त्यामुळे काही जण रागावून दुसरीकडे गेले, आणि सुरुवातीच्या वर्षांत ते नुकसान आम्हाला जाणवलेही. तरीही हा नियम कायम ठेवल्याचे मला समाधान आहे.

वॉटकिन्स ग्लेनला जाताना पोकोनो डोंगरांतले चढ-उतार आणि पुढे स्क्रँटनपासूनचा आय-81 महामार्ग लागतो. उतारावर खालचा गिअर घ्यावा, ब्रेक सतत दाबून ठेवू नये, आणि ट्रेलरच्या खास टायरची वेगमर्यादा अनेकदा ताशी 65 मैलच असते, हे लक्षात ठेवावे. ट्रेलर हलू लागला तर स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा, गाडीचा ब्रेक दाबू नये आणि फक्त कंट्रोलरवरून ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावावा. कंट्रोलरची ती कळ प्रत्येक नव्या ग्राहकाला यार्डात हाताने चालवून पाहायला लावतो. संकटाच्या क्षणी हात तिथे आपोआप जायला हवा. निघाल्यावर पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून चाकांचे नट आणि पट्टे पुन्हा आवळावे, हेही आवर्जून सांगतो.

स्वतः गाड्या पोहोचवायला लागल्यावर कागदपत्रे वाढली. व्यवसायासाठी राज्याबाहेर जाताना ओढणारे वाहन आणि ट्रेलर यांची मिळून ठरवलेली कमाल वजनक्षमता 10,000 पौंडांपेक्षा जास्त असली की केंद्रीय वाहतूक खात्याचा क्रमांक घ्यावा लागतो. एसयूव्ही आणि ट्रेलर मिळूनही ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ते सगळे काम माझी पत्नी पाहते.

अलीकडे ट्रॅकवर विजेच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. टेस्ला मॉडेल 3 ची काही रूपे 4,000 पौंडांच्या घरात जातात, आणि आमच्या हलक्या ट्रेलरसह ती 5,000 पौंडांच्या मर्यादेत बसत नाही. त्या ग्राहकांना एसयूव्ही घरी ठेवण्याची विनंती करून त्यांची गाडी आम्ही पोहोचवतो, आणि त्यासाठी यंदा पहिल्यांदाच एक पूर्ण आकाराचा पिकअप घेतला आहे.