स्टेपनी चढवताना

स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, खालून फटफट आवाज सुरू झाला. टायर गेला हे कळायला उतरून बघावं लागलं नाही. जोरात ब्रेक न मारता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडीला तिच्या तिच्या वेगाने हळू होऊ दिलं. थांबायला पहिली जागा मिळाली ती नेमकी वळणावर. ती सोडून दिली आणि सरळ, सपाट रस्ता आल्यावरच कडेला घेतली. वळणावर चाकाशी वाकून बसलेलं माणूस मागून येणाऱ्याला दिसत नाही.

चारही इंडिकेटर लावले, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. सोबतच्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं केलं आणि धोक्याचा इशारा देणारा लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला. बसलं होतं पुढचं डावं चाक, म्हणून मागच्या उजव्या चाकाला मागून-पुढून दगड लावले. ‘गिअरमध्ये आहे ना, मग दगड कशाला?’ असं मला विचारण्यात आलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरू शकतं आणि गिअरची पकड जवळजवळ संपते. उरतो तो हँडब्रेक, आणि मला फक्त त्याच्या भरवशावर राहायचं नव्हतं.

खरी झटापट झाली ती जॅक लावण्याआधी. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, कारण उचललेलं चाक पान्याबरोबर गरगर फिरतं आणि जोर लावावा तशी गाडीही जॅकवर हलते. आधीच्या खेपेला गॅरेजमध्ये हवेच्या गनने नट असे काही आवळले होते की हाताने एकही हलेना. मग पाना नटावर पूर्ण आत बसवला, दांडा डावीकडे आडवा येईल असा ठेवला आणि त्याच्या टोकावर पाय देऊन वजन टाकलं. असं केलं की खाली दाबताना नट आपोआप घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. कर्रर्र असा आवाज आला आणि सुटला. झटके मात्र द्यायचे नाहीत, पाना निसटला तर नटाचे कोपरे झिजतात आणि नडगीही फुटते. सगळे नट अर्धा-पाऊण वळसा ढिले करून तसेच राहू दिले.

जॅकची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, चाकाजवळ, दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमध. भलतीकडे लावला तर पत्रा दबतो. जॅक जरा चढवून तो उभा सरळ आहे का ते पाहिलं, थोडा कलला होता, म्हणून उतरवून पुन्हा लावला. इथे घाई करणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार. बसलेलं चाक सुटेल एवढंच उचलून भागत नाही, हवा भरलेल्या चाकाला खालून आणखी जागा लागते, तेव्हा तेवढं वर न्यायचं. स्टेपनी आधीच काढून दाराखाली आडवी सरकवली होती. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाऊ द्यायचा नाही, हे तर आहेच.

नट काढले तरी चाक जागचं हलेना. गंजाने ते हबला, म्हणजे ज्यावर चाक बसवलेलं असतं त्या मधल्या भागाला, धरून बसतं. एक नट दोन-तीन आट्यांवर पुन्हा लावला, म्हणजे चाक एकदम अंगावर येणार नाही, आणि टाचेने टायरला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून लाथा घातल्या. सुटलं. काढलेलं चाक स्टेपनीच्या जागी दाराखाली गेलं. स्टेपनी चढवताना ती हातांनी उचलण्याऐवजी बुटाचं टोक तिच्याखाली घालून वर केली, भोकं बोल्टांवर लगेच बसली. नटाची निमुळती बाजू आत, रिमकडे. आधी सगळे हाताने फिरवले, मग पान्याने समोरासमोरचे आलटून-पालटून आवळले. ओळीने आवळत गेलं तर चाक एका बाजूला तिरकं बसण्याची भीती असते. शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर, तोही हाताचाच, पाय न देता.

माझी स्टेपनी बारीक, तात्पुरती. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली आहे आणि हवा लागते ६० पीएसआय, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. ती वर्षभर डिकीत पडून असते आणि हवा गुपचूप उतरते, म्हणून हळू चालवत पहिल्या पंपावर गेले. भरून घेतली. साधारण ५० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासले तर दोन किंचित फिरले.

टायरमध्ये स्क्रू घुसला होता, तोही रस्त्याला लागणाऱ्या मधल्या पट्ट्यात, त्यामुळे पंक्चर निघालं. बाजूच्या भिंतीत घुसला असता तर टायरच बदलावा लागला असता.